येमाजीराव किल्लेदारांच्या दोन खबरींची हकीकत

श्री. ज्याने ऐकावयास कान दिले त्याने विचारावयास जीभही द्यावी, ऐसी विनंती करोन लिहितो. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सर, पौषमास. ते समयी एक राज्य होते. नाव लिहीत नाही, ज्याचे त्यास आपलेच वाटेल. त्या राज्याचे पेठेत दोन चौक, वरचा आणि खालचा, आणि दोहोंस दोन अखबारनवीस, ते रोज प्रातःकाळी आपापला अखबार मोठ्याने वाचीत. रिवाज ऐसा की, एकेक वाक्य संपताच ऐकणारांनी मिळोन "खरे!" म्हणावे, जो न म्हणे त्यास शेजारी तपकीरही देत नसे. वरचा माणूस खालच्या चौकी जात नसे आणि खालचा वरच्या, आणि दोघेही आपणांस राज्याची सारी खबर आहे ऐसे समजोन सुखे जेवीत.

मग पौष शुद्ध प्रतिपदेस वरच्या चौकी वाचिले की, सरहद्दीच्या गडाचे किल्लेदार येमाजीराव फितले, काल अवसेस गनिमास दरवाजा उघडिला. लोक म्हणाले, "खरे!" त्याच घटकेस खालच्या चौकी वाचिले की, येमाजीराव काल अवसेस बुरुजावर लढता लढता पडले. लोक "खरे!" म्हणाले आणि डोळे पुसिले. हे लिहिणारा खालच्या चौकी उभा होता आणि त्याचाही आवाज त्यात होता. लपवून काय करावे? मागाहून कळले की, त्या महिन्याचे गडाचे पत्र आले नव्हते, इतकेच दोन्ही अखबारनविसांस ठाऊक होते, बाकी सारे घरी बसोन लिहिले.

येमाजीरावांची स्त्री गोजराबाई पेठेतच राहत असत. त्यांस वरच्या चौकाच्या बायांनी पाणवठ्यावरोन उठविले, आणि खालच्या चौकाच्या बाया पांढरे लुगडे घेऊन दारी आल्या की, नेसा. बाईंनी लुगडे परत केले आणि दोन्ही अखबार मागवोन आपण वाचिले, आणि मग दोन्ही चौकी जाऊन एकच बोलिल्या, "गड हितनं चार दिवसांच्या वाटंवर. अवसेला घडलेलं दुसऱ्या दिशी सकाळी हितं कुणी आणलं? डोळ्यानं कुणी बघितलं?" वरचा अखबारनवीस म्हणाला, बाई नवऱ्याची कड घेते. खालचा म्हणाला, बाईंचे दुःखाने चित्त फिरले. बाईंचे ऐकू नये, याविषयी मात्र दोन्ही चौक एकमत जाहले.

मग बाई सरकारी कोठीवर गेल्या, कारण गडाची रसद तेथोन जात असे आणि या खबरी आल्यापासोन ती थांबली होती. कोठावळे कान्होपंत बोलिले, "वरच्या चौकाचे मानावे तर येमाजीराव फितूर, फितुरास दाणा देता येत नाही. खालच्याचे मानावे तर ते वारले, वारलेल्यास दाणा लागत नाही. बाई, कोणीकडूनही गोणी सुटत नाही." बाई म्हणाल्या, "आणि जिते असले तर?" पंत म्हणाले, "तसे कोणत्याच अखबारात नाही."

मग बाई आठ दिवस दारोदार सोबत मागत फिरल्या, आणि कोणी दार लोटिले, कोणी वीरपत्नी म्हणोन पाया पडिले, पण बरोबर कोणी आले नाही. संध्याकाळी घरी येऊन बसत तेव्हा बोलावयास कोणी नसे. बहुत एकट्या पडल्या. लिहिणाऱ्याचे घर त्याच गल्लीत होते आणि तोही गेला नाही. नवव्या दिवशी घरची नाचणी दोन बैलांवर घालोन बाई एकट्याच निघाल्या, आणि वाटेने बैलांशीच बोलत, ओझ्याच्या बैलांची चाल म्हणोन चाराऐवजी सहा मुक्कामांनी, गडाखाली पोहोचल्या.

वर निशाण आपलेच होते आणि दरवाजा आतून बंद होता. गनीम आलाच नव्हता. गडावरचा शिपाई भिवा नाईक भिंत धरोन आला आणि दार उघडिले. गडावर सोळा माणूस होते, त्यांतील अकरा राहिले होते. गड सोडू नये हा हुकूम, म्हणोन कोणी उतरले नव्हते. दाणा सरत आला ऐसे त्या महिन्याचे पत्र घेऊन एक माणूस पाठविला होता, तो घाटातच पडला. येमाजीराव आपला घास माणसांस वाटीत गेले आणि बाई येण्यापूर्वी दोन दिवस वारले.

नाईक रडत बोलिला, "बाईसाहेब, सरकार रोज बुरुजावर बसून वाट बघायचे. म्हणायचे, पेठंत एक सोडून दोन अखबार वाचत्यात, आपली दैना त्यास्नी ठाव नाही असं हुईल का? कळल्यावर थांबायचे न्हाईत, येतीलच." आणि मग नाईकाने विचारिले, "आमची खबर पोचली न्हवती व्हय?"

सारांश, गड गनिमाने घेतला नाही, फितुरीने गेला नाही, लढाई जाहली नाही. किल्लेदार भुकेने गेले. आणि गोजराबाई, ज्यांनी साऱ्या पेठेचे खोटे एकटीने धरिले, त्या नाईकास "न्हाई रे बाबा, पोचलीच न्हाई," इतकेच बोलिल्या, दोन्ही अखबारांचे नाव काढिले नाही, आणि चूल पेटवावयास बसल्या.