नवरदेवामागचा गोठा

आमच्या शेजारचे सदाभाऊ फोटो स्कॅन करण्याआधी फोटोतल्या माणसाला सूचना देतात. मामांचा फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, की हळूच म्हणतात, "मामाजी, डोळे मिटा. उजेड येऊन राहिला." मग बटण दाबतात. मामाजींना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

सदाभाऊ राइस मिलमधून निवृत्त झाले, तेव्हा मुलानं नागपूरहून हे मशीन आणून दिलं. शहापूरच्या घरात त्यांनी ते देवघराशेजारी मांडलं. आंघोळ केल्याशिवाय ते त्याला हात लावत नाहीत. आणि काम चालू असताना पंखा बंद; फोटोतल्या माणसांवर धूळ बसते म्हणे. उन्हाळ्यात तिथं बसणं म्हणजे शिक्षाच. कुणी कुरकुरलं की उत्तर ठरलेलं, "घाई कोणाले हाये?"

नातेवाईक अल्बम आणून देऊ लागले. पण स्कॅन झालेले फोटो पाहून त्यांचं डोकं फिरायचं. चुलतभाऊ बाळूच्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा एक कान तेवढा उरला होता. बाकी सगळा गोठा. बाळू भांडायला शहापूरपर्यंत आला. सदाभाऊंनी त्याला चहा दिला.

"नवरदेव तर माह्यासमोर बसून हाये," ते म्हणाले. "गोठा कुठं हाये, सांग."

बाळूनं कप उचलला. दोघांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आहे. घर सोडण्याच्या धांदलीत घराचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. फोटो होते ते माणसांचे. घर त्यांच्या पाठीमागे, तुकड्यातुकड्यानं. कुणाच्या खांद्यावरून खिडकी, कुणाच्या फेट्याआड खांब. सदाभाऊ ते तुकडे वेचत होते, कारण त्यांची म्हातारी आई रोज संध्याकाळी 'घरी चल' म्हणायची.

परवा त्यांनी मला बोलावलं. तुकडे जोडून त्यांनी घर टीव्हीवर लावलं होतं. जोड दिसत होते, एकाच भिंतीला दोन रंग आले होते, पण घर उभं होतं. आईला त्यांनी हाताला धरून समोर बसवलं. ती पुढे झुकून टीव्हीकडे बघू लागली. सदाभाऊंनी मान खाली घातली होती.

मग ती म्हणाली, "सदा, दार उघडं काहून हाये? बकऱ्या घुसतीन."

"लावतो, माय."

ते उठले आणि शहापूरच्या घराचं दार लावून आले. आईनं पाय वर घेतले, पदर सावरला आणि चहा मागितला. त्या संध्याकाळी तिनं कुठं जायचं नाव काढलं नाही.