पाच निळी बटणं

बाल्कनीतल्या खताच्या डब्याचं वजन घटत नव्हतं, आणि सुनेला हेच खटकत होतं. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. साली कुजल्या की वजन उतरतं. तिच्या वहीत मात्र, नवं काही न टाकताही, तीन आठवडे अकरा किलोच. म्हणजे कोणीतरी गुपचूप भर घालत होतं.

त्यात खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी वासाची तक्रार केली. रविवारपर्यंत वास गेला नाही, तर डबा इमारतीबाहेर. दोन वर्षं जिवापाड सांभाळलेला डबा.

पहिला संशय नवऱ्यावर. आपण डब्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की ते खरंच असणार. मग उरल्या सासूबाई. ती शाळेत असताना घरात त्याच असत.

"तुझ्या डब्याला हात लावायला मला काय वेड लागलंय?" त्या म्हणाल्या, आणि एकदा निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागल्या.

विचारून भागणार नव्हतं, प्रयोगच हवा होता. बुधवारी तिने खालच्या थरात पाच निळी बटणं पुरली. शनिवारी उकरून पाहिलं तर एकही नाही. वजन अकरा किलो. हा नुसता भर घालण्याचा प्रकार नव्हता. आतला माल बदलला जात होता.

रविवारी सेक्रेटरींनी तिला खाली बोलावलं. त्यांच्या बाल्कनीत वास होता, हे तिला मान्य करावंच लागलं. पण वास वरून येतोय की नाही, याची तिला खात्री करायची होती. ती टोमॅटोच्या एकेका कुंडीवर वाकली. तिसऱ्या कुंडीत, मातीतून डोकावणारं एक निळं बटण.

"माती छान आहे," ती सावकाश म्हणाली. "कुठून आणली?"

"इमारतीत डबा नको असं मी म्हणालो होतो, तेव्हापासून तुमच्या सासूबाई देतात, पिशवी भरून. सूनबाईचा डबा राहू द्या म्हणाल्या, तिचा जीव आहे त्यात." सेक्रेटरी अवघडले. "मला वाईट वाटतं हो, पण वासाचं काय करू?"

अर्धकच्चं खत, तेही भर उन्हात. वास येणारच. खरं सांगितलं असतं तर डबा वाचला असता, सासूबाई मात्र तोंडघशी पडल्या असत्या. तिने बटण अलगद मुठीत घेतलं.

"कुंड्यांत वाळकी पानं मिसळा. आठवड्यात वास गेला नाही, तर डबा मीच बाहेर ठेवीन."

सेक्रेटरी कबूल झाले. वर दारातच सासूबाई उभ्या होत्या.

"राहिला का गं डबा?"

"राहिला. पण आई, खत अजून कच्चं आहे. पिकायला महिना लागेल."

सासूबाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस ना. काढलं तेवढं भरून ठेवायला शेजारणीकडून रोज साली मागून आणत होते मी. तुझ्या काट्याला कळू नये म्हणून."

तेवढ्यात नवरा बाहेर जायच्या तयारीने आला. अंगात पांढरा शर्ट. त्यावर ओळीने चार निळी बटणं, आणि एक जागा रिकामी.

"आईने लावून दिली," तो म्हणाला. "माझीच तुटून पडली होती म्हणे. पाचवं तेवढं सापडत नाहीये."

सुनेने मूठ उघडली.