कृत्य कोणाचा?

पास्कू मास्तरांच्या चहात मुंगी पडली, तर ते कप बाजूला सारत नाहीत. आधी मुंगीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, "कृत्य कोणाचा?"

म्हणजे मुंगी आपणहून पडली, की मी साखरेचा डबा उघडा ठेवला म्हणून? मुंगीचे असेल तर विषय संपला. माझे असेल तर भरपाई. भरपाई म्हणजे दुसरा कप.

तोंडवलीत मी पर्यटकांना दोन खोल्या देते आणि मास्तर समोरच राहतात. जन्मभर हायस्कुलात व्याकरण शिकवले, निवृत्त झाले, बायको वारली, आणि ज्या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात त्या वयात हे पत्राद्वारे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पदविकेला बसले. बाकीचे पेपर सुटले. एकच राहिला: 'राज्यांची जबाबदारी आणि तंट्यांची सोडवणूक'. त्यात ते तीनदा नापास. तयारी रोज संध्याकाळी, माझ्या पडवीत, माझ्यावर. तेव्हा या गोष्टीत खरे दमलेले माणूस कोण, हे आधीच सांगून ठेवते.

"एका देशाच्या कारखान्याचो धूर दुसऱ्या देशाच्या शेतात गेलो. जबाबदार कोण, गो?"

"वारो."

"नापास!"

"तुमी पण नापासच आसात, मास्तर."

त्यांना राग येत नाही. ते समजावतात. मुद्दाम काही केले नाही, तरी घ्यायची ती काळजी घेतली नाही, एवढ्यानेही दोष लागतो. मग ज्याचे नुकसान झाले त्याला पूर्वी होते तसे करून द्यायचे. ते जमत नसेल तर भरपाई. आणि भरपाईनेही भागत नसेल तर समाधान. समाधान म्हणजे आपली चूक उघडपणे कबूल करणे.

इथे आले की मास्तर थांबतात. चष्मा पुसतात. "ह्या उद्या बघूया," म्हणतात आणि उठतात. तो उद्या काही येत नाही.

मास्तरांच्या घराला लागून कुंपणाचा, चिरे रचलेला गडगा आहे आणि गडग्यापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ रुझार. दोघांत अकरा वर्षे बोलणे नाही. कारण एक माड. माड मास्तरांचा, पण कलला होता रुझारच्या अंगणावर. रुझार सांगून सांगून थकला, पाडेल्याला बोलाव, नारळ उतरवून घे. मास्तर पेपर तपासत राहिले. एका दुपारी नारळांची अख्खी पेंड खाली आली, आणि आईने स्वतःच्या हाताने चुना लावलेला अंगणातला खुरीस, म्हणजे क्रूस, फुटला.

आवाज ऐकून मी धावले. मास्तर गडग्याशी येऊन म्हणाले, "चुकला."

आमच्या मालवणीत हा मोठा सोयीचा शब्द. चुकले खरे, पण कोणाचे, ते मोघम. उजाडले, मावळले, तसे चुकले. रुझारने एवढेच विचारले, "कोणाचा चुकला?"

पिढ्यान् पिढ्या पोरांना षष्ठी विभक्ती शिकवलेल्या माणसाला त्या दिवशी एक षष्ठी बोलता आली नाही. "नारळ पडलो, मी काय करू?" म्हणाले आणि घरात गेले.

तेव्हापासून दोन्ही देशांचा व्यवहार माझ्यामार्फत चालतो. म्हणजे रुझारची कोंबडी इकडे आली की मी पलीकडे पोचवते. "तू मध्यस्थ नाय हां," मास्तर बजावतात. "मध्यस्थ तोडगो सुचयता. तू फक्त निरोप नेतस." निरोप कसला, कोंबडीच.

गेल्या महिन्यात मात्र मी खराच निरोप आणला, कोणी न पाठवलेला. "मास्तर, रुझारबाब घर बंद करून झिलाकडे जातत. मडगावाक. तुमचो पेपर झालो काय दुसऱ्याच आठवड्यात."

मास्तरांनी पुस्तक मिटले. त्या दिवशी चहात मुंगी होती. तशीच प्यायले.

पेपर सावंतवाडीला होता. संध्याकाळच्या एसटीतून उतरले ते मिटलेल्या छत्रीसारखे. मी पडवीतून ओरडले, "कसो गेलो?" घराकडे न वळता ते गडग्याशी जाऊन उभे राहिले. पलीकडे रुझार पायरीवर बसून जाळे सांधत होता. मुलाकडे जाण्याआधी कोणाला तरी देऊन टाकायचे म्हणून.

"रुझार," मास्तर म्हणाले. "माझा चुकला."

रुझारची सुई थांबली. "काय चुकला?"

नुसती कबुली पुरत नाही, काय मोडले तेही सांगावे लागते, हे एव्हाना मलासुद्धा पाठ होते.

"तू सांगी होतंस. पाडेल्याक मी बोलावूक नाय." मास्तरांनी या वेळी चष्मा पुसला नाही. "आवयचो खुरीस माझ्यामुळे फुटलो."

रुझारने सुई जाळ्यात खोवली. मग म्हणाला, "ह्या बोलूक अकरा वर्सां लागली?"

"तीनदा नापास झालंय रे."

रुझार पायरीवर थोडा सरकला.

फाटकातून फिरून जायला वीस पावले होती. मास्तर गडग्यावरूनच गेले, आणि जाताना दोन चिरे खाली पाडले. कृत्य कोणाचे, ते कोणी विचारले नाही.