शाणूकाकांचा तुवालो

शाणूकाकांनी फोटो काढला की माणूस निळा पडतो. दिवसाढवळ्या, चांगला धडधाकट माणूस. त्यांनी काढलेला माझा पहिला फोटो मी घरी केरीला नेला, तेव्हा आईने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग विचारलं, "समुद्रात बुडलंस काय गो?"

आम्ही दोघं एकाच वर्गात शिकतो. डिचोलीतल्या एका लहानशा डिझाइन संस्थेत एक वर्षाचा फोटोग्राफी आणि फोटो एडिटिंगचा कोर्स आहे. मी एकोणीस वर्षांची, पेडण्याच्या पार टोकावरून दोन बसगाड्या बदलून येते. काका एकसष्ट वर्षांचे, सुर्लाहून स्कूटरने येतात. वयाची अट घालायची संस्थेला सुचलंच नव्हतं. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा हेच सर असणार म्हणून आम्ही सगळे उभे राहिलो. आपल्या मागून सर येताहेत असं समजून तेही उभेच राहिले. खरे सर आले तेव्हा अख्खा वर्ग उभा होता, आणि सर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी हजेरीसुद्धा घेतली नाही.

काकांनी तीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकला. खाणीवरून माल भरायचा, नदीवरच्या धक्क्याला नेऊन ओतायचा, परत खाणीवर. मग खाणी बंद पडल्या, ट्रक विकला गेला, आणि बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने बापाचा वेळ जावा म्हणून कॅमेरा पाठवला. काकांनी तो ट्रकसारखाच वागवायला घेतला. पट्ट्याला लिंबू-मिरची बांधली. रोज सकाळी काच पुसून मगच 'गाडी काढायची'. आयएसओ म्हणजे काय हे सरांनी आम्हांला तासभर समजावलं आणि आम्ही माना डोलावल्या. काका म्हणाले, "म्हणजे गियर. चढाव इलो की बदलूचो." त्या दिवसापासून सगळा वर्ग आयएसओला गियरच म्हणतो. सरही दोनदा चुकून म्हणाले आहेत.

फोटोसाठी माणूस बसवायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी. ट्रक मागे घेताना क्लीनर 'येऊ दे, अजून थोडं' असं ओरडतो तसं चालतं. "येवंदी, येवंदी... डावें घे... आनीक इल्लें... बस्स!" त्या 'बस्स'ला समोरचा माणूस असा दचकून थांबतो की सगळ्या फोटोंत डोळे वटारलेलेच येतात.

आता निळेपणाचं सांगते. कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते आधी दाखवावं लागतं, म्हणजे मग बाकीचे रंग तो नीट लावतो. त्यासाठी सर आम्हांला एक राखाडी कार्ड देतात. काकांनी ते कार्ड पहिल्याच दिवशी परत केलं आणि गळ्यातला तुवालो काढून पुढे धरला. आमच्याकडे टॉवेलला तुवालो म्हणतात. "हो घेयात," ते म्हणाले. "हाच्यापरस धवें कितें आसा?" परस म्हणजे पेक्षा, धवें म्हणजे पांढरं.

तो तुवालो पांढरा नव्हता. तीस वर्षं खाणीची तांबडी धूळ प्यालेला तो तुवालो, जास्वंदीच्या पाण्यात एकदा बुचकळून काढावा तसा फिकट गुलाबी होता. कॅमेऱ्याला हाच पांढरा म्हणून सांगितलं की तो बिचारा सगळीकडून लाल काढून टाकतो, आणि उरतो तो निळा माणूस. हे आम्ही काकांना सांगितलं. सरांनी तुवाल्याशेजारी कोरा कागद ठेवून दाखवला. काकांनी दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कागद फिको पडलो, सर."

एडिटिंगशी तर त्यांचं उभं वैर. चेहऱ्यावरचे डाग पुसायचं साधन सरांनी शिकवलं, तेव्हा मी पंधरा मिनिटांत माझ्या सगळ्या पुटकुळ्या उडवल्या आणि फार रुबाबात मागे वळून पाहिलं. काका हात जोडून बसले होते. "तुज्या गालार तीळ आसलो, तो खंय गेलो?" तीळही पुटकुळ्यांबरोबर गेला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "आवयन दिल्लो तो," काका म्हणाले. "जें आसा तें आसा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आईने दिलेला तीळ मी मुकाट्याने परत आणला.

वर्ष संपत आलं. शेवटचं काम होतं ते घरच्या एका माणसाचा फोटो, रंग अचूक, आणि मग घरच्यांना बोलावून प्रदर्शन. सरांनी मला बाजूला घेतलं. "काका तुझं ऐकतात. त्यांना त्या तुवाल्यातून सोडव. यावेळी फोटो निळा आला तर मला त्यांना नापास करावं लागेल, आणि ते मला जमणार नाही."

म्हणून रविवारी कार्ड घेऊन मी सुर्लाला गेले. बस रिकामीच होती. एकेकाळी ह्या रस्त्यावर ट्रकांमुळे माणसाला चालता येत नसे, असं काका सांगायचे. त्यांच्या दारात पोहोचले तर मागच्या अंगणातून धोपटण्याचा आवाज येत होता. आनंदीकाकी, म्हणजे काकांची बायको, दगडावर तुवालो धूत होती. साबण, ब्रश, वर लिंबाची फोड. मी हाक मारली तेव्हा तिने माझ्याकडे न बघता आवाजाच्या दिशेने मान वळवली, आणि मला कळलं की तिला दिसत नाही.

"साखरेन डोळे नेले," ती सहज म्हणाली. "उजवाड दिसता, माणूस दिसना." मग तुवालो पिळून वर धरला आणि घराकडे तोंड करून ओरडली, "ऐकलें? धवो जालो न्हय?"

काका कॅमेरा घेऊनच बाहेर आले. तुवाल्यासमोर धरला, बटण दाबलं, पडदा पाहिला. "कॅमेरो धवो म्हणटा," त्यांनी अगदी निकाल वाचल्यासारखं सांगितलं. काकी समाधानाने हसली आणि तुवालो दोरीवर टाकून, भिंतीला हात लावत आत चहा ठेवायला गेली.

मी काकांकडे पाहिलं. ते माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहत होते.

"माका कळता, बाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पयल्या दिसाक कळ्ळें. तीस वर्सां हांव तांबडो होवन घरा येतालों, आनी ती धुताली. एक दीस तरी धवो काडटलें म्हणटाली. आतां तिका दिसना, पूण रोज विचारता. माका खोटें उलोवंक येना. म्हणून आदीं कॅमेऱ्याक सांगतां, हो धवो. मागीर कॅमेरो म्हणटा तें तिका सांगतां. तातूंत खोटें कांय ना, न्हय?"

एका माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणून वर्षभर अख्खा वर्ग निळा पडत होता. मी त्यांची इतकी थट्टा केली होती, त्यांचे निळे फोटो आईला, मैत्रिणींना दाखवून हसले होते. मला माझीच लाज वाटली. कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. "राहू दे तुमच्याकडे," एवढंच मी म्हणाले, आणि चहा पिऊन परत आले. सरांना सांगितलं की मला काही जमलं नाही.

प्रदर्शनात काकांचा फोटो दाराजवळच्या भिंतीवर होता. आम्ही सगळे थबकलो, कारण तो निळा नव्हता. आनंदीकाकी दोरीवर तुवालो टाकते आहे. तिची सावळी कांती, कुंपणाचा चिऱ्याचा गडगा, मागची माडाची झावळी, सगळं जसंच्या तसं. काकांनी कार्ड वापरलं होतं. मग तुवालो गुलाबी दिसायला हवा होता, पण तो पांढरा होता, लखलखीत. तेवढाच तुकडा एक-एक धागा धरून निवडला होता आणि पांढरा केला होता. वर्षभर 'जें आसा तें आसा' म्हणणाऱ्या माणसाने केलेलं ते एकुलतं एक एडिटिंग.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "काका, रंग उत्तम. पण पांढरा फार उडालाय. कापडाची वीण, सुरकुत्या, काहीच राहिलं नाही त्यात."

"मार्क कापात, सर," काका म्हणाले, आणि दाराकडे गेले.

काकी आली होती. नवी साडी, केसांत मोगऱ्याचा वळेसर, एक हात पुढे. काका तिच्यापुढे उलटे चालत होते. "येवंदी... येवंदी... डावें इल्लें... आनीक..." हेच शब्द, पण आवाज इतका हळू की हसायचं कुणाच्या मनात आलं नाही. फोटोपासून वीतभर अंतरावर त्यांनी तिला थांबवलं. "बस्स."

काकी नाक लागेल इतकी पुढे वाकली. खूप वेळ तशीच राहिली.

"हांगा कितें चकचकता?"

"तुवालो," काका म्हणाले.

"दिसता माका!" ती मोठ्याने म्हणाली. "बाकी कांय दिसना, पूण हो दिसता." मग ती माझ्या बाजूला वळली. मी तिथे आहे हे तिला कसं कळलं कोण जाणे. "बाय, तूं सांग. तांचो कॅमेरो तांचेच ऐकता, माका खबर आसा. तूं तुज्या डोळ्यांनी सांग. धवो आसा?"

काका जमिनीकडे बघत होते. त्यांच्या गळ्यात तो दुसरा, खरा, फिकट गुलाबी तुवालो होता. मी भिंतीवरच्या तुवाल्याकडे पाहिलं. त्या खोलीत त्याच्याइतकं पांढरं काहीही नव्हतं.

"धवो आसा, काकी," मी म्हणाले. मला खोटं बोलावं लागलं नाही.