खाली भांडे

अंगणाच्या मधोमध पाण्याच्या झोताने फरशी धुणारा प्रेशर वॉशर उभा होता आणि समोर स्टुलावर बसून वेलांटीराव पेन्सिलीला टोक करत होते. आज यंत्राचं तेल बदलायचं होतं. त्याला पेन्सिल कशाला लागते, असं कुणी विचारलं असतं. पण विचारायला घरात कुणी नव्हतं.

वेलांटीराव हे छापखान्यातलं नाव. छत्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. ऱ्हस्व-दीर्घावरून इतके वाद घातले, की खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. नोकरी सुटली, डोळा मात्र निवृत्त झाला नाही. औषधाच्या बाटलीवरची चूकही ते दुरुस्त करूनच गोळी घेत. शेजारच्या फाटकावर ‘कुत्र्या पासून सावध’ अशी पाटी होती. तिच्यातली नको ती मोकळी जागा त्यांनी त्या कुत्र्यासमोर उभं राहून पेन्सिलीने जोडली होती.

यंत्र लेकीने पाठवलेलं. गेल्या वर्षी अंगणातल्या शेवाळावरून ते घसरले आणि सहा आठवडे मनगट प्लास्टरात राहिलं. यंत्राबरोबर लेकीचा मेसेजही आला : ‘पुन्हा पाय घसरला तर सामान बांधायचं. एकटं राहायचं नाही.’ वेलांटीरावांनी उत्तर पाठवलं, ‘वाक्यात कर्ता नाही.’ त्यावर लेकीने नुसतं ‘बाबा’ एवढंच लिहिलं होतं.

आणि आज पाच वाजता, सात महिन्यांनी, लेक येणार होती. ‘बघून जाते,’ म्हणाली होती. काय बघायला, ते वेलांटीरावांना कळत होतं. हे घर सोडून ते कुठे जाणार नव्हते.

तेल पन्नास तासांनी बदला, असं यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात होतं. एवढ्याशा अंगणाचे पन्नास तास व्हायला खरं तर चार वर्षं लागली असती. वर्षातच झाले. यंत्राचा आवाज मोठा होता आणि घरात दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

पुस्तक त्यांनी तीनदा वाचलं होतं. सत्तेचाळीस चुका. ‘बिजली बंद करावी’, ‘पाईप खराब हालतमध्ये असल्यास’. भाषांतर करणाऱ्याची मराठी हिंदीच्या वाटेने आली आहे, हे त्यांनी दुसऱ्याच पानावर ओळखलं. त्यामुळे चौथ्या सूचनेत ते फसले नाहीत. ‘बूच काढण्याआधी खाली भांडे ठेवावे.’ खाली! म्हणजे हिंदीतलं खाली. त्यांनी शब्द खोडून समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘रिकामे’. पुढे पाचवी सूचना, ‘बूच लावावे’. सहावी, ‘वरून नवे तेल ओतावे’. सातवी पुन्हा, ‘बूच लावावे’. पाचवी खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, ‘पुनरुक्ती’.

रिकाम्या भांड्यांना घरात तोटा नव्हता. चहाचं मोठं पातेलं तीन वर्षं फळीवर पालथं होतं. एका माणसाला छोटं पुरतं. त्यांनी ते काढलं, पुसलं आणि यंत्राशेजारी हातभर अंतरावर मानाने ठेवलं. मग खालचं बूच फिरवलं.

काळं तेल भसकन बाहेर आलं आणि फरशीवरून निवांत पसरत गेलं. पातेलं रिकामंच राहिलं. सूचनेचं तंतोतंत पालन झालं होतं.

वेलांटीरावांनी घड्याळात पाहिलं. चार. हे तेल धुऊन काढायला हवं. धुऊन काढील असं घरात एकच यंत्र, आणि त्याच्याच पोटात तेल नाही. म्हणून त्यांनी घाईघाईने नवी बाटली वरच्या तोंडात ओतली आणि काचेच्या चिमुकल्या खिडकीत डोळा लावला. तेल लाल ठिपक्यापर्यंत चढायला हवं होतं. चढेना. त्यांनी बाटली पिळून काढली. मग पायाला ओलं लागलं.

आता अंगणात जुनं तेल आणि नवं तेल गुण्यागोविंदाने नांदत होतं.

त्यांनी भिंतीला धरून धरून घरात जाऊन कंपनीला फोन लावला.

“नमस्कार, बोला सर.” बाईंचा आवाज होता.

“पान नऊ, सूचना चार. ‘खाली’ लिहिलंय तुम्ही.”

“हो. खाली भांडं ठेवायचं.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे... खाली. वर नाही ती बाजू.”

वेलांटीरावांनी दारातून पातेल्याकडे पाहिलं.

“सर? तुम्ही कुठे ठेवलंत?”

“शेजारी.”

“अगंबाई! आणि बूच? नवं तेल घालायच्या आधी बूच लावलंत ना?”

“ते पुनरुक्ती म्हणून काढलं मी.”

“अहो, बुचं दोन आहेत! एक खालचं, एक वरचं!” बाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पुस्तक वाचलंत?”

“तीनदा.”

“मी लिहिलंय ते. मराठी येणारी इथे मी एकटीच, म्हणून पुस्तकही माझं आणि फोनही माझा. आजवर फोन करणाऱ्यांपैकी एकानंही ते उघडलेलं नव्हतं हो. खूप चुका आहेत का?”

“सत्तेचाळीस.” वेलांटीराव अडखळले. “पंचेचाळीस.”

“मला पाठवाल? तेलाची बाटली उद्या पोचेल तुमच्याकडे, तेवढं मी बघते. आणि आत्ता आधी रद्दी पसरा. सांभाळून.”

रद्दी पसरता पसरता त्यांना बायको आठवली. मुद्रितं ते घरी आणत, तेव्हा मूळ प्रत ती मोठ्याने वाचायची आणि ते तपासायचे. ती असती तर चौथी सूचना तिनेच वाचली असती, आणि ‘खाली’ म्हणताना तिचा हात आपोआप जमिनीकडे गेला असता. डोळ्याला दिसत नाही ते कधी कधी आवाजाला दिसतं. तेवढ्यात एका मथळ्यात त्यांना उलटी वेलांटी दिसली आणि ते पेन्सिल घेऊन वाकले. एक दुरुस्त केली, तर शेजारी दुसरी. फाटक वाजलं तेव्हा पाच वाजून गेले होते.

“थांब! तिथेच थांब!” ते ओरडले.

बाप ओरडतोय म्हटल्यावर लेक धावतच आली. पहिलं पाऊल रद्दीवर पडलं, रद्दी तेलावरून सरकली आणि लेक पर्ससकट अंगणाच्या मधोमध बसली.

“लागलं का गं?”

“नाही.” तिने काळा तळहात बघितला. “अंगण छान ठेवलंयत.”

“तेल बदलत होतो.”

“कशाचं, गावाचं?” ती उठायला गेली आणि परत बसली. “बाबा, आपलं काय ठरलं होतं? पाय घसरला तर सामान...” आणि ती एकदम थांबली.

वेलांटीराव फार मृदू आवाजात म्हणाले, “वाक्यात कर्ता नव्हता.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने उलट्या मनगटाने डोळे पुसले. कपाळावर तेलाची एक सुरेख वेलांटी उमटली.

“मी तासाभरासाठी आलेय. कपडेसुद्धा आणले नाहीत.”

“आईचे आहेत कपाटात.”

“तिकडे तरी कोण वाट बघतंय म्हणा,” ती म्हणाली, आणि हात धरायला पुढे केला.

पातेल्यात तेलाचा एक थेंबही पडलेला नव्हता. कंपनीच्या फोनची हकीकत ऐकत लेकीने त्यातच चहा टाकला. मग आईचे कपडे घालून ती दारात बसली आणि पुस्तक उघडून मोठ्याने वाचू लागली, “‘चार. बूच काढण्याआधी खाली भांडे ठेवावे.’” तिचा डावा हात आपोआप जमिनीकडे गेला.

“परत वाच,” वेलांटीराव म्हणाले.

तिने परत वाचलं. हात परत खाली गेला. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि खोडलेल्या शब्दाखाली चार टिंबं दिली.

“हे काय?”

“खोडलं ते चुकलं. होतं तसंच राहू द्यावं, अशी खूण असते.”

“बरं. आणि नवं तेल कधी येतंय? ते भरलं की निघते मी.”

फोनवरच्या बाई ‘उद्या’ म्हणाल्या होत्या. वेलांटीरावांनी चहाचा घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक शब्द जाणूनबुजून चुकवला.

“परवा,” ते म्हणाले.