देवधरकाकांचा खांदा

संध्याकाळी साडेसहाला देवधरकाकांच्या बेसमेंटमध्ये उतरलात, तर काका रिकामी रायफल खांद्याला लावून बसलेले दिसायचे. नळीच्या टोकावर पाच सेंटचं नाणं. काका श्वास रोखून ट्रिगर ओढणार, 'टक्' होणार, नाणं खाली पडणार आणि काका स्वतःलाच म्हणणार, "दचकलास, गाढवा!"

बरं, हा माणूस घरातला कोळीसुद्धा कागदावर घेऊन बॅकयार्डात सोडून येणारा. वेस्ट विंडसरमध्ये आमच्या शेजारी राहायचे, एका लॅबमध्ये रबरावर संशोधन करायचे आणि अंड्याला शिवायचे नाहीत. त्यांना शिकारीची रायफल कशाला हवी, हे मला कळेना. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "मला नको विचारूस रे बाबा. आधी माझी साबुदाण्याची पिशवी आणून दे. बंदुकीखाली टेकू म्हणून लावलीय त्यांनी."

कारण होतं समीर, काकांचा मुलगा. तो पिट्सबर्गला असे. फोनवर "हाय बाबा, हाउ आर यू, इज आई देअर?" एवढ्यात बाप संपायचा. थँक्सगिव्हिंगनंतर तो एकटाच डोंगरात हरणाच्या शिकारीला जाई. एके वर्षी काकांनी भीतभीत "मी येऊ?" विचारलं आणि तो चक्क "शुअर" म्हणाला. काकांनी धावत जाऊन रायफल आणली. गुडघे दुखतात म्हणून दुकानातली सगळ्यात हलकी. ट्रिपहून परत आले ते उजवा खांदा काळानिळा करून.

"हलकी बंदूक जास्त लाथ मारते," काका म्हणाले. "न्यूटन कुणाला सोडत नाही."

मला वाटलं, हौस फिटली. कसली! काकांनी दस्त्यात, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागात, भोक पाडून शिसं भरलं. दस्त्यामागे लॅबमधल्या रबराची गादी स्क्रूनं बसवली. बंदूक जड झाली, म्हणून गुडघे तयार करायला रोज जिने चढू लागले. मग हलकी घेतलीच कशाला, असं मी विचारलं, तर त्यांनी तासभर समीकरणं मांडली. मी मान डोलावत राहिलो. घरी बायकोला सांगायला गेलो, तर एक अक्षर आठवेना.

रविवारी मला नेमबाजीच्या रेंजवर नेत. माझं काम एकच. त्यांना न दाखवता कधी गोळी भरून, कधी रिकामीच बंदूक हातात द्यायची. रिकामी असतानाही काका दचकले की चोरी पकडली जाई. शंभर यार्डांवरच्या कागदात पाच भोकं किती जागेत पडली, ते काका खाण्याच्या मापात सांगत. "आज थालीपीठ." मग उन्हाळ्यात, "पुरी!" ऑक्टोबरात पाचही भोकं पाणीपुरीच्या पुरीखाली झाकली गेली, तेव्हा काकांनी मला मिठीच मारली. खांदाही दुखायचा थांबला होता.

त्या वर्षी ट्रिपहून आले ते तोंड पाडून.

"नेम चुकला?"

"छे! समीरनं फळीवर कागद लावला. पाणीपुरी! ग्रेट शूटिंग म्हणाला."

"आणि हरीण?"

"हरणाच्या वाटेला कोण जातंय!"

मग बिनसलं काय? काका सांगेनात. वर्षभर बेसमेंट बंद. मी पार गोंधळून गेलो.

पुढच्या ट्रिपच्या आदल्या दिवशी त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर घेऊन बोलावलं. म्हणे, रबराची गादी काढायचीय. शिसंही.

"काका, वेड लागलंय का? खांदा निखळेल!"

"काढ रे."

मी काढली. काका स्क्रू डबीत टाकत म्हणाले, "पहिल्या वर्षी खांदा सुजला ना, तेव्हा समीर दोन्ही दिवस बाम चोळत बसला होता. कॉलेजला गेल्यापासून शेकहँडपलीकडे हात लावला नव्हता त्यानं मला. चोळता चोळता बोलत होता रे. नोकरीचं, कुठल्या मुलीचं..."

"आणि गेल्या वर्षी?"

"आल्या आल्या विचारलं त्यानं, हाउज द शोल्डर? मी मूर्ख. म्हटलं, फर्स्ट क्लास, प्रॉब्लेम सॉल्व्ह केला."

काहीतरी करायचं म्हणून मी त्यांची बॅग उचलली. चेन अर्धी उघडी होती. सगळ्यात वर बामची नवी कोरी बाटली होती.

काकांनी घाईघाईनं चेन ओढली. "असू दे," म्हणाले, "त्याच्याकडचा संपला असेल."