आरशाला मोजे

भीमराजने सोसायटीच्या कोपऱ्यात धायटी, अडुळसा आणि मुरुडशेंग लावली, तेव्हा आता पाखरांची रीघ लागणार अशी त्याची खात्री होती. झुडपं खांद्याला लागली, धायटी लालेलाल फुलली, पण पाखरू काही कुणाच्या दृष्टीस पडेना. अध्यक्ष कुसुमताईंना तर त्या जागी फरशा बसवून आपली नवी कोरी गाडी उभी करायची होती.

“भीमराजभाऊ, रविवारी कमिटी बघायला येईल,” त्या म्हणाल्या. “एक पाखरू दाखवा आणि झाडं ठेवा. नाहीतर मी माणसं बोलावते.”

“ताई, मध प्यायला शिंजीर येतात हो. आपण जवळ गेलो की उडतात.”

“म्हणजे कुणी बघत नसतं तेव्हाच येतात. सोयीचं आहे तुमचं.”

राजगुरुनगरच्या पुढच्या डोंगरातून बिया आणून भीमराजने ती झुडपं वाढवली होती. त्यांच्यावर कुदळ पडलेली त्याला बघवली नसती.

भीमराज चाकणला गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होता. आंधळं वळण असो नाहीतर कँटीनची रांग, अडचण आली की तिथे आरसा लावायचा, अशी त्या कंपनीची रीत होती. भीमराजलाही दुसरं औषध ठाऊक नव्हतं. त्याने रीतसर गेटपास काढून रिजेक्ट झालेले चार आरसे घरी आणले आणि झुडपांत असे बांधले, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी धायटी दिसावी.

“कमिटी इथं बसून चहा पीत पाखरं बघेल,” तो बायकोला म्हणाला.

“आणि चहा कोण करणार?” मिनलने विचारलं.

शनिवारी सकाळी खरोखरच शिंजीर आला. अंगठ्याएवढा, जांभळा, चकचकीत नर. त्याने फुलात चोच घातली, मान वर केली, तर समोर तसाच एक नर. मागे वळला, तर तिथेही एक. मध राहिला बाजूला आणि पठ्ठ्या चारी आरशांवर तुटून पडला.

“अहो, त्याला वाटतंय आधीच चार भाडेकरू घुसलेत,” मिनल म्हणाली.

आरसे काढले तर कमिटीला दाखवणार काय? भीमराजने तात्पुरते म्हणून चारी आरशांना सेफ्टी शूजचे जाड मोजे चढवले. पण शिंजिराचं डोकं एव्हाना तापलं होतं. थोड्याच वेळात वॉचमन चिमाजी धावत आला.

“सायेब, तुमचं पाखरू पार्किंगमंदी भांडतंय. समद्या गाड्यांच्या आरशांना टोचत हिंडतंय, अन् घाण करतंय ती निराळीच.”

संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या एकूण एक गाडीला मोजे चढले. कुसुमताईंच्या गाडीला मिनलने विणलेले गुलाबी लोकरीचे मोजे मिळाले. त्यांना गाडी अजून चालवता येत नव्हती, त्यामुळे ती दिवसभर उभीच असायची.

“धुतलेत ना?” एवढंच ताईंनी विचारलं, पण त्यांच्या आवाजावरून झाडांचं आता काही खरं नाही, हे भीमराज समजला.

रविवारी कमिटी आली, चहा प्यायली, मोजे बघून गेली. पाखरू रुसल्यासारखं फिरकलंच नाही. कुसुमताईंनी कुदळवाल्यांना फोन केला, पण त्यांना दुसरीकडे काम लागलं होतं. महिन्याभराने ते उगवले तेव्हा ताईंना गाडीचं लायसन्सही मिळालं होतं. त्या गाडीच्या पूजेला हळदकुंकू आणि नारळ घेऊन खाली उतरल्या, गाडीच्या आरशाचा गुलाबी मोजा ओढायला हात पुढे केला आणि तशाच थबकल्या.

मोज्याच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यात काड्या गुंफून केलेलं एक घरटं लोंबत होतं. आत शिंजिराची मादी बसली होती. ती भुर्रकन उडाली, थेट धायटीच्या फुलावर जाऊन मध प्यायली आणि परत येऊन बसली. तिकडे एका कुदळवाल्याने धायटीच्या बुंध्यावर कुदळ उगारली होती. भीमराजने डोळे मिटून घेतले.

“ए, कुदळ खाली ठेव,” कुसुमताई कडाडल्या. “लेकुरवाळी आहे ती. झाड तोडलंस तर खाईल काय?”

झाडं वाचली. भीमराज आभार मानायला पुढे झाला. तेवढ्यात ताई त्याच्याकडे वळल्या.

“पिल्लं उडेपर्यंत गाडी हलणार नाही. तोवर वाकडला ऑफिसला मला तुम्ही सोडायचं.”

“ताई, माझी कंपनी चाकणला.”

“मग जरा लवकर निघू.”

दुसऱ्या दिवशी भीमराजने गेटबाहेर येताच मोटारसायकलच्या आरशांवरचे मोजे काढायला हात घातला.

“राहू द्या. परत चढवायला विसराल,” ताई म्हणाल्या.

“मग मागचं दिसायचं कसं?”

“मी आहे ना.”

तेव्हापासून वाकडपर्यंत त्याच्या कानाशी सुरू असतं, “डावीकडून रिक्षा येतेय. मागं टँकर आहे. तो हेल्मेटवाला घुसणार बघा. अहो, हळू.” फायनल इन्स्पेक्शनमध्ये भीमराजने आजवर हजारो आरसे रिजेक्ट केले, पण हा आरसा त्याला पासच करावा लागला.